लाल पट्टीच्या वरची माती

आपल्या स्लॅबवर माती टाकायची ठरवलंय, असं सुनेनं मला सांगितलं तेव्हा मी भाकऱ्या थापत होते. हातातला गोळा तसाच परातीत ठेवला आणि जिन्यात जाऊन उभी राहिले. तव्यावरची भाकरी करपली. त्यावरून कोणी मला बोललं नाही. लातूर जिल्ह्यात माझ्या वयाच्या बाईला छतावरची माती म्हटलं की काय आठवतं, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

मी चौथी शिकलेले. हे वहीत लिहिते आहे, कारण तोंडानं सांगायला बसले की मधेच उठून जाते. कागदाला मी उठून गेले तरी चालतं.

आमचं घर लातूरच्या जुन्या भागात आहे. खाली मुलाची पिठाची गिरणी, वर तीन खोल्या. मधल्या खोलीत मालकांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, खाट. चार वर्षांपूर्वी त्यांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं, एकदोन शब्द उरले. गिरणी त्यांनीच चालू केलेली, पण आता पिठाचा कण नाकात गेला तरी तासभर खोकतात. म्हणून त्यांना खाली ठेवता येत नाही. जिना इतका अरुंद की खाटेसकट वळत नाही. थोडक्यात, ते वर आहेत आणि वरच राहणार.

आणि वर डोक्यावर स्लॅब. एप्रिल लागला की त्या खोलीत माणूस शिजतो. संध्याकाळी बाहेर वारा सुटला तरी स्लॅब आतून तापलेलाच राहतो, तव्याखालची लाकडं ओढून घेतल्यावर तवा राहतो तसा. कूलर होता. त्याला पाणी लागतं. आमच्या गल्लीत नळ आठवड्यातून एकदा येतो, तो पण त्याच्या मनाला येईल तेव्हा. कूलरला पाणी पाजू की माणसाला, असा प्रश्न. त्यातून लाइट गेली की कूलर म्हणजे नुसती पेटी.

एका उन्हाळ्यात दुपारी मालकांचं अंग तापलं, डोळे फिरले, ओठ पांढरे पडले. दवाखान्यात पाच दिवस काढले. डॉक्टर तरुण होता, स्पष्ट बोलला. म्हणाला, या वेळी वाचले, पण आणखी एकदा ऊन डोक्यात गेलं तर माझ्याकडं आणू नका, काही उपयोग होणार नाही. मला तो आवडला.

मग उरलेला उन्हाळा त्यांना नांदेडला मुलीकडं नेऊन ठेवलं. मुलगी तिसऱ्या मजल्यावर राहते, तिथंही डोक्यावर स्लॅबच. नांदेडचं ऊन काही कमी नाही. त्यात मालकांना तिथली भिंत ओळखीची नाही. सारखे डाव्या हातानं दाराकडं दाखवायचे आणि म्हणायचे, "घर." दिवसातून पन्नास वेळा घर. मी एकदा म्हटलं, घर तापलंय, गप पडा. तर रडले. त्यांना रडताना मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं. मी बाहेर जाऊन धुणं वाळत घातलं.

मुलीची मुलगी, म्हणजे माझी नात, विष्णुपुरीला इंजिनिअरिंग शिकते. तिनं मला त्या दिवसांत एक शेड दाखवायला नेलं. शेडच्या छतावर चार बोटं माती आणि मातीत गवत. भिंतीला जाळी लावून त्यावर वेल चढवलेला. बाहेर डांबर वितळत होतं. आत शिरले आणि माझ्या पाठीवरचा घाम गार झाला. नात माझ्या तोंडाकडं बघत होती. मी विचारलं, "वर काय टाकलंय म्हणालीस?"

"माती, आज्जी."

मी बाहेर आले. उन्हात उभी राहिले. पुन्हा आत गेले नाही.

माझं माहेर औशाच्या पलीकडं. तिकडं सगळी घरं माळवदाची होती. दगडाच्या रुंद भिंती, त्या मातीतच रचलेल्या. वर लाकडी तुळया, त्यावर फळ्या, फळ्यांवर कडूलिंबाचा पाला, आणि त्यावर पांढरी माती. घर उन्हाळ्यात असं गार की दुपारी अंगावर पातळ ओढून झोपायचं. पावसाळ्यात माळवदावर गवत उगवायचं आणि शेळ्या वर चढून चरायच्या. नात मला लॅपटॉपवर परदेशातल्या हिरव्या छतांची चित्रं दाखवते तेव्हा मला हसू येतं. तिथं फक्त शेळी नसते.

दर वर्षी मृगाच्या आधी माळवदावर नवी माती टाकायची, ही रीत. पावसानं थोडी वाहून जायची, उन्हानं भेगा पडायच्या, खाली गळायचं. मग पांढरीतून, म्हणजे जुन्या गावठाणातून, पाट्या भरून आणायच्या, वर ओतायच्या, बडवायच्या. जुनी माती काढायची असते हे कोणाच्या डोक्यात नव्हतं. जुनी चांगली बसलेली आहे, तिला कशाला हात लावायचा. माळवदाला धूर जायला एक भोक असायचं, त्याला साणं म्हणतात. लहानपणी मी वर पालथी पडून साण्यातून खाली हात सोडायचे, तेव्हा कोपरापाशी माती संपायची. लग्न झाल्यावर एकदा त्याच साण्यात हात सोडला, तर खांद्यापर्यंत मातीच लागली, आणि तेव्हा माझा हात काही लहान राहिला नव्हता.

गणपती बोळवल्यावरच्या पहाटे भूकंप झाला. मी लातूरला होते, तेव्हा आमच्या घरावर पत्रे होते, भांडी पडली, इतकंच. माहेरचं माळवद तुळयांसकट खाली आलं. आई आणि भावजय त्याखाली गेल्या. भाऊ दारात होता म्हणून वाचला. मी दुसऱ्या दिवशी पोचले. गावच नव्हतं. मातीचा ढीग होता आणि त्यावर त्या वर्षीचं गवत होतं, हिरवंगार.

तेव्हापासून मी उशाशी पेला पालथा घालते आणि त्यावर वाटी ठेवते. जमीन हलली की वाटी पडेल आणि आवाज होईल. तेव्हा इकडं पुष्कळ जण असं करायचे. बाकीच्यांनी सोडलं. मी नाही सोडलं. गिरणी चालू झाली की मजला थरथरतो आणि वाटी पडते, म्हणून दिवसा तिचा उपयोग नाही. दिवसा मी स्वतःच लक्ष ठेवते. बसून राहणं मला जमत नाही. सून म्हणते, आत्याबाई, तुम्ही दिवसातून किती वेळा स्लॅबच्या भेगा बघता. मी म्हणते, मोजलं नाही.

तर अशा बाईच्या घरात माती टाकायचं ठरलं. सून आणि नात फोनवर फोन करून सगळं ठरवून बसल्या होत्या. माझा मुलगा दोघींच्या मधे नव्हता आणि माझ्या बाजूलाही नव्हता. तो गिरणी सुरू करून खाली बसला, म्हणजे कोणाचं ऐकू यायला नको.

करपलेली भाकरी कुत्र्याला टाकून मी वर आले आणि सुनेला सांगितलं, "माझ्या डोक्यावर माती टाकायची न्हाई. आमच्यात मेल्यावर मातीच देतात. तवर तरी दम धरा."

सून गरीब नाही. तिनं लगेच परत दिलं, "तुमच्या डोक्यावर न्हाई टाकत. मामांच्या डोक्यावर टाकतोय. त्यांनला विचारू का?"

आणि खरंच विचारलं. खाटेजवळ वाकून, मोठ्यानं, माती टाकू का म्हणून. मालकांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना सगळं कळतं, नुसतं बोलता येत नाही. माझ्या आईला, भावजयीला माती द्यायला तेच माझ्याबरोबर आले होते. मग सुनेकडं बघून म्हणाले, "टाक."

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. ते तर तसेही बोलत नव्हते.

नात नांदेडहून आली. एक चौकोनी ट्रे आणला होता. त्यात निम्मी माती, निम्मं कुजवलेलं सोयाबीनचं भुसकट आणि नारळाचा भुसा कालवून चार बोटं भरलं. मग पाणी घालून घालून चिंब केलं, आणि गिरणीच्या काट्यावर नेऊन ठेवलं. ज्वारी दळायला आलेल्या बाया बघत उभ्या राहिल्या. एक म्हणाली, काय गं, माती दळून देतेस का. अकरा किलो भरलं. नात म्हणाली, एवढी जागा आणि एवढं वजन, आज्जी. गच्चीवर लग्नाची पंगत बसते तेव्हा एवढंच वजन होतं. मी म्हटलं, पंगत उठून जाते.

तिनं ट्रे काट्यावरून उतरवला. मग म्हणाली, "बरोबर हाय तुझं. मिस्त्रीला बोलवू."

मिस्त्री म्हणजे ज्यांनी आमचा स्लॅब टाकला तेच. आता म्हातारे झालेत, डोळ्याला जाड चष्मा. त्यांच्या घराण्यात तीन पिढ्या बांधकाम. वडील रेणापूरकडं माळवदं घालायचे. त्यांनी चपला काढल्या, हातोडी घेतली आणि गच्चीवर हातभर अंतरानं ठोकत ठोकत तासभर फिरले. प्रत्येक ठोक्याला मान वाकडी करून ऐकायचे. मी मागून फिरत होते. एका कोपऱ्यात आवाज बद्द आला, तिथं त्यांनी खडूनं गोल केला आणि म्हणाले, हे आधी दुरुस्त करू. बाकी लोखंड भरपूर हाय, मीच टाकलंय.

मी विचारलं, "मंग माळवदं का पडली?"

ते खाली बसले. म्हणाले, "अक्का, लाकूड सडलं, भिंती मातीच्या, ते तर हायेच. पर माझा बाप म्हणायचा, माळवद पावसानं पडत न्हाई, आपणच पाडतो. दर साल वर चढवायचं, खाली कुणी उतरवायचं न्हाई. स्लॅबला काय बी होत न्हाई. मातीला तेवढं वर चढू देऊ नका."

मग त्यांनी कठड्याला आतून, स्लॅबपासून चार बोटांवर, लाल रंगाची पट्टी ओढली. चारी बाजूंनी सलग. म्हणाले, ह्या पट्टीच्या वर माती दिसली की समजायचं, कोणीतरी चुकलं. पाणी जायला दोन कोपऱ्यांत पन्हाळं ठेवली, आणि त्यांच्या तोंडाशी खडी. सगळ्यात खाली जाड डांबरी कागद, वितळवून चिकटवलेला.

होळीच्या आधी माती चढली, तिच्यात गवत लावलं. मी त्या दिवशी देवळात जाऊन बसले. देवळात बसवेना म्हणून भाजी मंडईत गेले. मंडईतून परत आले तर अजून घमेली वर जात होती. पश्चिमेच्या भिंतीला सुनेनं जाळी ठोकली, भिंतीपासून वीतभर सोडून, आणि खाली मधुमालती लावली. अंघोळीचं, भांड्यांचं पाणी एका ड्रममधून गवताला आणि वेलाला जायचं. गल्लीत चेष्टा सुरू झाली. समोरचा म्हणाला, आता वर म्हैस बांधा. म्हैस नाही, पण त्याचीच शेळी आठव्या दिवशी आमचा जिना चढून वर गेली आणि कोवळं गवत खाऊन आली. मी काठी उचलली. हाकलली.

मे आला. खोली गार झाली असं मी म्हणणार नाही. पण शिजणं थांबलं. दुपारी भिंतीला हात लावला तर हात मागं यायचा नाही. मालक दुपारचे झोपायला लागले, तोंड उघडं टाकून, घोरत. पूर्ण उन्हाळ्यात एकदाही त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं नाही. वळवाचा मोठा पाऊस झाला की दर वर्षी आमच्या गच्चीचं पाणी धो धो गल्लीत पडून गिरणीच्या उंबऱ्यावरून आत शिरायचं, या वेळी ते वरच मुरलं आणि मग सावकाश ठिबकत राहिलं. समोरच्याच्या दुकानात पाणी गेलं. त्याला मी काही बोलले नाही, नुसती दारात उभी राहिले.

मी मात्र त्या खोलीत झोपत नव्हते. माझी खाट मी पुढच्या गॅलरीत नेली होती, जिच्यावर पत्रा आहे. मालक डाव्या हातानं खाटेशेजारची जागा थापटायचे. मी सांगायचे, गॅलरीत वारा येतो.

आता खरी गोष्ट.

त्या पावसाळ्यात मालकांच्या खाटेच्या वर, छताला, ओल आली. ताटाएवढी. मी रोज बघायचे. सुनेला सांगितलं, ती म्हणाली मिस्त्रीला फोन करते. मिस्त्री आजारी होते, हैदराबादला मुलाकडं. ओल परातीएवढी झाली. मी वर जाऊन पाहिलं, तर त्या कोपऱ्यात माती बसून खड्डा पडला होता आणि खड्ड्यात पाणी. जिन्याखाली उरलेल्या मातीचं पोतं होतं. मी एक घमेलं भरलं आणि वर नेऊन ओतलं. पायानं दाबलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलं, पुन्हा घमेलं नेलं. पोतं संपलं तेव्हा मागच्या रिकाम्या प्लॉटमधून आणलं. माझे गुडघे दुखतात, एका दमात जिना चढवत नाही, पण घमेलं डोक्यावर असलं की मला बरं वाटायचं. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला जरा स्वस्थ वाटायचं, जे एरवी वाटत नाही.

पुढच्या वर्षी मृगाच्या आधी मी न सांगता पुन्हा तेच केलं. ओल आली नव्हती तरी. आकाश भरून आलं आणि पाय आपोआप जिन्याखाली गेले.

दिवाळीला नात आली. चहा पिऊन वर गेली आणि लगेच खाली आली. कपाटातून मोजपट्टी घेतली, पुन्हा वर. मग सगळ्यांना हाक मारली.

मालकांच्या खाटेच्या वरच्या कोपऱ्यात लाल पट्टी दिसतच नव्हती. गवत मोठं होतं म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. तिनं खुरपं घालून माती उकरली आणि मोजपट्टी उभी केली. चार बोटांच्या जागी पुरती वीत भरली, आणि ती पण काळी माती, भुसा न घातलेली, दगडासारखी. नात मोजपट्टी तशीच सोडून उठली. मामीला विचारलं, कोणी टाकली. सून म्हणाली, मला काय ठाऊक, मी तर नुसतं पाणी घालते. मुलानं माझ्याकडं पाहिलं. त्यानं मला घमेलं नेताना पाहिलं असणार. तो कधी कोणाच्या मधे पडत नाही.

मी म्हणाले, "मी."

"आज्जी, तू?" नात म्हणाली. "तुलाच तर भेव वाटत होतं."

"मी टाकत नव्हते. मी बुजवत होते."

बोलले आणि मलाच ऐकू आलं. हे वाक्य माझं नव्हतं. माझ्या आईचं होतं, आजीचं होतं, सगळ्या गावाचं होतं. कोणीच कधी माती टाकत नव्हतं. सगळे बुजवत होते.

मी कठड्याला टेकून बसले, आणि जे कोणालाच, मालकांनाही सांगितलं नव्हतं, ते सांगितलं. भूकंपाच्या वर्षी मे महिन्यात मी पोरं घेऊन माहेरी गेले होते. माळवदावर माती टाकायचं काम चाललं होतं. भाऊ म्हणाला, पुरे आता, लई झाली. आई ज्या कोपऱ्यात झोपायची तिथं आदल्या पावसाळ्यात गळलं होतं. मी म्हणाले, दोन पाट्या अजून टाक, आईच्या अंगावर पाणी पडतंय. तो म्हणाला, तूच टाक मग. मी टाकल्या. दोन पाट्या, माझ्या डोक्यावरून. बडवून बडवून बसवल्या. आई खालून म्हणाली, आता गळायचं न्हाई. आणि सप्टेंबरात ते पडलं.

सून म्हणाली, आत्याबाई, तुम्ही असं मनात घेऊ नका, सगळ्यांचीच घरं पडली. ती चांगल्या मनानं म्हणाली. पण ते मला लोकांनी न विचारताच पुष्कळ वेळा सांगून झालेलं आहे, ज्यांना दोन पाट्यांचं माहीतही नव्हतं त्यांनी. मी नातीकडं वळले. ती वजनाचं शिकते.

"तू खरं सांग. माझ्या दोन पाट्या नसत्या तर?"

ती माझ्यासमोर आली. खाली बसली, खुरप्यानं मातीत कायतरी आकडे काढले, पुसले. मग म्हणाली, "न्हाई, आज्जी. खांद्याएवढ्या मातीत दोन पाट्यांनी काही फरक पडत न्हाई. त्या नसत्या तरी पडलंच असतं." मातीवरून हात फिरवला. "पण ती सगळी माती दोन दोन पाट्यांचीच होती."

मुलगा तिला ओरडणार होता. मी हात वर केला. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा कोणी खरं उत्तर दिलं होतं. ते गोड नव्हतं, पण धरायला काहीतरी होतं.

त्याच दिवशी माती उतरवायला घेतली. दिवाळीचं म्हणून गिरणी बंद होती. मुलगा खाली, नात जिन्यात, सून वर. मला बसा म्हणाले. मी बसले नाही. खुरप्यानं मीच उकरत होते, मीच घमेली भरत होते, लाल पट्टी पूर्ण दिसेपर्यंत. पट्टीखाली आणखी खणल्यावर पन्हाळ सापडलं. गवताच्या मुळ्यांनी त्याचं तोंड गच्च बंद केलं होतं. मुळ्या ओढून काढल्या तर आतून काळं पाणी आलं, कोणाच्या तरी पोटातून यावं तसं. ओल त्या तुंबलेल्या पाण्याची होती. मी वर माती ओतत होते आणि पाणी खाली जायला वाट शोधत होतं. मिस्त्री परत आल्यावर त्यांनी कागद पुन्हा चिकटवला, खडी धुऊन टाकली. छत ठोकून पाहिलं. म्हणाले, बचावलं, पर अजून एक साल असं केलं असतं तर मी ह्या छताची हमी दिली नसती. मग चष्म्यातून माझ्याकडं बघून म्हणाले, "अक्का, लाल पट्टी बाकीच्यांसाठी काढली होती. मला वाटलं तुम्ही भिऊन वर जाणारच न्हाई."

उतरवलेली माती मागच्या प्लॉटमध्ये जिथून आणली तिथं टाकली. ती पस्तीस घमेली भरली. आणताना मी मोजली नव्हती.

आता मृगाच्या आधी मी वर जाते, ते माती काढायला. सगळ्या कडेनं फिरते, पट्टी जिथं बुडाली असेल तिथलं खुरपते, पन्हाळाच्या तोंडात हात घालून मुळ्या ओढते. पानं कुजून, धूळ येऊन माती आपली आपण पण वाढते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. या वर्षी दोन घमेली निघाली. मी ती स्वतः खाली नेली, मधे तीनदा बसून.

समोरच्यानं पण यंदा माती चढवली. चेष्टा करायचा तोच. मी न बोलावता त्याच्या गच्चीवर गेले आणि विचारलं, पट्टी कुठं आहे. तो म्हणाला, कसली पट्टी. मी रंगाचा डबा घेऊन पुन्हा गेले. ओढली ती वाकडी आली. त्याच्या बायकोला सांगितलं, हिच्या वर माती दिसली की मला हाक मार, नवऱ्याला नको.

माझी खाट मी मधल्या खोलीत परत आणली आहे, मालकांच्या शेजारी. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. त्यांनी नुसता डावा हात माझ्या खाटेच्या काठावर ठेवला आणि झोपले. उशाशी पेला आणि वाटी ठेवलेलीच आहे. सकाळी मुलगा गिरणी सुरू करतो, मजला थरथरतो, वाटी खाली पडते. मालक दचकतात आणि हसतात, अर्ध्या तोंडानं. मला ठाऊक असतं की ती गिरणी आहे. तरी मी उठते, चप्पल घालते आणि वर जाऊन पट्टी बघून येते.